डोळ्यातली बुरशी

३ जानेवारी २०२५

उसाची पात डोळ्यात बसली. उजव्या. काल दुपारी. तोडकरी खालच्या पट्टीत होते, मी सरीतनं वाकून चाललो होतो. टोपी नाही, गॉगल नाही. पात सपकन आली नि गेली. फौजेत अठरा वर्षं काढली, दोनदा काश्मीरची पोस्टिंग, अंगावर ओरखडा नाही — आणि घरच्या उसानं मारलं!

खरी लढाई घरी आल्यावर. आईनं डोळा बघितला, तडक शेजारी गेली आणि वाटी घेऊन आली. वाटीत शेजारच्या पूजाचं दूध. बाळंत होऊन दीड महिना झालाय तिला. ते म्हणे डोळ्यात घालायचं! "तुझ्या बाच्या डोळ्यात ज्वारीचं कूस गेलं तवा असंच घातलं हुतं." मी वाटी सारली तर सांडली. बावन्न वर्षांच्या हवालदाराच्या डोळ्यात शेजारच्या सुनेचं दूध? उद्या ती समोर आली तर मी बघायचं कुठं? जरा जोरात बोललो. आईनं फरशी पुसली आणि आत गेली.

मग मी डोकं वापरलं. फ्रीजच्या दारात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे उरलेले थेंब होते, दिवाळीतले. दोन बाटल्या. एक फोडलेली, एक सीलबंद. डोळ्याचंच औषध, डॉक्टरनंच लिहिलेलं, तारीख शिल्लक. फोडलेल्यातले दोन थेंब टाकले. गार वाटलं. दिवसातनं चारदा टाकायचं ठरवलं.

५ जानेवारी

लाली उतरली! ठणकाही कमी. रेश्माला डोळा दाखवला. बायकोनं मान्य केलं की दवाखान्याची फेरी वाचली. आईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी ते दोनदा म्हणालो.

गुंडा आला आज. आटपाडीकडचा मेंढपाळ. सात वर्षं झाली, ऊस गेला की आमच्या मोकळ्या रानात त्याची मेंढरं बसतात. आठवडाभर मुक्काम, रानाला खत, त्याला धान्य. घोडीवर संसार, घोडीच्या कपाळावर पांढरा टिळा. दोर, घमेलं, बॅटरी आमच्या घरनं न्यायची, ही रीत.

त्याचाही डोळा तांबडा! कोकरांना बाभळीचा पाला तोडताना फांदी लागली. म्हटलं, थांब. फ्रीजमधनं सीलबंद बाटली आणून त्याच्या हातात ठेवली. कसे टाकायचे, किती टाकायचे, सगळं सांगितलं. तो दोन्ही हातांनी घेऊन म्हणाला, "मेजर, तुमी हाय म्हनून." हवालदाराला मेजर म्हणतो गडी. मी दुरुस्त करत नाही.

बरं वाटलं दिवसभर.

८ जानेवारी

बुबुळावर पांढरं काहीतरी. तांदळाच्या कणीएवढं. उजेड सोसत नाही. थेंब सहा वेळा केले.

१० जानेवारी

रात्रभर डोक्यात घण. सकाळी उजव्यानं रेश्मा दिसेना, नुसती तिची साडी हलताना दिसली. ती म्हणाली, आता तुमचं काही ऐकणार नाही. रहिमतपूर स्टेशनवरनं गाडी धरली, मिरज. दाखल करून घेतलंय.

११ जानेवारी

बुरशी.

डोळ्यात बुरशी आहे म्हणे! लोणच्यावर येते, भाकरीवर येते, चपलेवर येते — ती माझ्या डोळ्यात! डॉक्टरनी डोळा बधिर करून वरचं पापुद्र्यासारखं खरवडलं, काचेवर घेतलं आणि लॅबला पाठवलं. मी पण पाठोपाठ गेलो. पडून राहा म्हणाले होते. कोण पडतंय!

लॅबमध्ये माया मॅडम. तिशीच्या आतबाहेर, बोलायला सरळ. मला काका म्हणाल्या ते सोडून दिलं. म्हणाल्या, बघायचंय? डाव्या डोळ्यानं सूक्ष्मदर्शकात बघितलं. बारीक दोरे, त्यांना फांद्या, फांद्यांना फांद्या. कुणीतरी सुताचा गुंता टाकलाय असं. हे माझ्या बुबुळात वाढतंय. मी खुर्ची धरली.

मग त्यांनी विचारलं, "आधी कुठलं औषध घातलं होतं?"

मी म्हणालो, काही नाही.

का म्हणालो? रेश्मा बाहेर होती, ऐकायला कुणी नव्हतं. तोंडातनं गेलं. पोरीच्या वयाची बाई वही घेऊन समोर, तिला काय सांगायचं — आईच्या मोतीबिंदूचं चोरून घातलं? त्यांनी "काही नाही" असं लिहून घेतलं.

१३ जानेवारी

सोडलं. दुधासारखे पांढरे थेंब दिलेत, बाटली हलवून दर तासाला. बुरशीवरचं औषध. महिना दीड महिना लागेल म्हणे. डोळा वाचेल का विचारलं तर "बघू" म्हणाले. फौजेत असा जबाब दिला असता तर मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

गुंडा काल हलला. आई म्हणाली, "जाताना समदं मोजून दिलं बग त्यानं. लय इमानी मानूस." मी हं म्हणालो. मला गुंड्याचं काय, माझं मला झालंय.

१४ जानेवारी

संक्रांत. सगळे गोड बोलतात. मी नाही.

१६ जानेवारी

तासाला थेंब, तासाला थेंब. मोबाइलचा गजर, डोकं मागं, थेंब, पाच मिनिटं डोळा मिटून. मग पंचावन्न मिनिटं काय करायचं? ट्रॅक्टर नाही, धूळ नाही, वाकायचं नाही. गेटपासून विहिरीपर्यंत दोनशे अकरा पावलं. परत येताना दोनशे चौदा. एका डोळ्यानं पाऊल आखूड पडतं बहुतेक.

बुरशीचा राग येतो. शत्रूला तोंड असतं, वर्दी असते. हिला काय आहे? दिसत नाही, बोलत नाही, मागणी काय ते सांगत नाही!

१८ जानेवारी

आल्याची काढणी लावली. दोन सऱ्या चांगल्या निघाल्या, तिसरीत सड. गड्डा हातात घेतला की आत बोट जातंय. पानं पिवळी पडली होती तेव्हाच कळायला हवं होतं. एक कुजका गड्डा कागदात बांधून ठेवलाय, मॅडमना दाखवणार. ही तीच आहे असं माझं मन सांगतंय.

संध्याकाळी रेश्मा म्हणाली, आत्यांच्या, म्हणजे आईच्या, डोळ्यात चारा कापताना कुट्टी मशिनवर वाड्याचं, उसाच्या शेंड्यांचं, काहीतरी उडालं. मी म्हणालो, माझा डोळा चाललाय आणि तुम्हाला कचऱ्याचं पडलंय! आई दारातच होती. "काय न्हाई रं, निगालं ते," म्हणाली आणि म्हशीकडं गेली.

२० जानेवारी

मिरज. एकटाच गेलो, रेश्मा काढणीवर. गाडीत लिहायला सुरुवात केली पण डबा हलत होता. घरी येऊन लिहितोय. सगळं लिहायचं आहे आज.

मॅडमनी काचेची ताटली दाखवली. माझ्या डोळ्यातला कण त्यांनी त्यात पेरला होता, पेरलाच म्हणायचं. नऊ दिवसांत कापसासारखा पांढरा गोळा, खालनं गुलाबी. दिसायला चांगला, खोटं कशाला बोलू. त्यातलं टिपून काचेवर घेतलं. या वेळी दोऱ्यांच्या टोकाला बीजं दिसली, बारीक, वाकडी. विळ्याच्या पात्यासारखी. हजार विळे सांडलेत असं. नाव फ्युजारियम.

कुजका गड्डा पुढं केला. त्या हसल्या. "काका, घराणं एक. आडनाव एक, माणसं वेगळी." आल्याची सड त्याच घराण्याची असू शकते. उसाचा शेंडा पिळवटतो तो पोक्का बोइंग, तो याच घराण्याचा. हरभरा उभ्या उभ्या मरतो तो. केळी, टोमॅटो, कापूस. त्यांच्या वडलांची आटपाडीला डाळिंबाची बाग होती, साडेतीनशे झाडं, मर रोग लागून चार वर्षांत सरपणाला गेली. त्यात हिचाही हात होता. "तेव्हापासून मी हिच्या मागं आहे," म्हणाल्या. मी प्रथमच त्यांच्याकडं नीट बघितलं.

मी विचारलं, मग राहते कुठं ही? म्हणजे मुक्काम कुठं?

कुठंही. मातीत, गवताच्या मुळात, पाचटात, न्हाणीच्या मोरीत, वाऱ्यावर. माझ्या रानातल्या चिमूटभर मातीत हजारो बीजं असतील. आणि सगळ्या काही वाईट नाहीत. मेलेलं खातात, कुजवतात. मी तीन वर्षं पाचट जाळत नाही, रानातच कुजवतो, गावात भाषण देतो त्यावर. ते कुजवणाऱ्यांत हीच मंडळी! मीच तिला जेवायला घालत होतो.

मग त्या म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहितो. "ती तुमच्यासाठी आली नव्हती. पातीवर होती, पात लागली, आत पडली. डोळ्यात असं रोज काहीतरी पडतं. अंगातली शिपाईमंडळी बहुतेक वेळा निस्तरतात. तुमच्या वेळी ते शिपाई झोपले होते. चार-पाच दिवस डोळा छान वाटला होता का? लाली गेली होती?"

हो म्हणालो.

मग सांगितलं. फ्रीज, मोतीबिंदू, दोन थेंब, सहा वेळा. त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, त्या थेंबात स्टेरॉइड असतं. ऑपरेशननंतर सूज उतरवायला ते बरोबरच. पण डोळ्यात जखम असेल, त्यात बुरशी असेल, तर ते पहारेकऱ्यांना झोपवतं. लाली गेली कारण लढाई बंद झाली. आत ती आरामात पसरली. वहीतलं "काही नाही" खोडून त्यांनी नवीन लिहिलं. आधी कळलं असतं तर औषध पहिल्या दिवसापासून वेगळ्या जोमानं धरलं असतं, एवढंच म्हणाल्या.

येताना गाडीत भिलवडी स्टेशन गेलं आणि मला गुंडा आठवला.

सीलबंद बाटली! माझ्या हातानं दिली. बाभळीची फांदी, तांबडा डोळा — आणि वर मी सांगितलं, दिवसातनं चारदा, चुकवू नको!

घरी पोचलो तर रेश्मानं विचारलं, काय म्हणाले? मी म्हणालो, उसाच्या पातीवरनं आली. हे खरंच आहे. आई कोपऱ्यात बसली होती, पदर पुढं ओढून. वाटी सांडली तेव्हापासून रुसलीय. तिच्यासमोर कसं म्हणू की ज्या इलाजाची मी टिमकी वाजवली त्यानंच घात केला? दूध परवडलं असतं असं ती म्हणेल. म्हणणार नाही कदाचित, पण बघेल तशी.

वहीत लिहिलं. पुरे.

२१ जानेवारी

गुंड्याचा फोन बंद. सकाळपासून एकोणीस वेळा लावला. या लोकांचा फोन कुणाच्या तरी घरी चार्जिंगला लागला की चालू, नाहीतर खिशात मेलेला.

पाच तारखेला दिली. आज सोळा दिवस. माझ्या बुबुळावर सहाव्या दिवशी पांढरं आलं होतं.

२४ जानेवारी

औंधला गेलो, गुंड्याचा पुढचा मुक्काम तिथं असतो. रेश्माला सांगितलं, गुंड्याकडं काम आहे, दुसऱ्या पट्टीत मेंढरं बसवायचीत. तिला पटलं नाही. एका डोळ्याचा माणूस एसटीनं मेंढरं शोधत निघतो!

यमाईच्या डोंगराखाली चहाच्या टपरीवाल्यानं सांगितलं, पांढऱ्या कपाळाची घोडी दहा दिवसांमागं गेली. कुठं गेली? हात केला तिकडं. तिकडं म्हणजे अर्धा जिल्हा.

धूळ लय. डोळा झोंबला. थेंब एसटीत टाकला, गाडी खड्ड्यात गेली, गालावर पडला.

२८ जानेवारी

मिरज. ठिपका वाढला नाही. कमीही नाही. "बघू."

मॅडमना गुंड्याचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, सापडला की आधी बाटली काढून घ्या आणि तशाच इकडं आणा, कुठल्याही दिवशी.

२ फेब्रुवारी

आटपाडी. दोन गाड्या बदलल्या, मग वस्तीपर्यंत चार किलोमीटर पायी. सगळीकडं डाळिंबाच्या बागा, काही हिरव्या, काही नुसत्या काटक्या. पूर्वी नुसत्या काटक्या म्हणालो असतो. आता प्रत्येक वाळक्या झाडाखाली थांबून मुळाकडं बघतो. वेड लागायची वेळ आलीय.

गुंड्याच्या आईला भेटलो. साळूबाई. अंगणात एकटीच, लोकर विंचरत होती. मी म्हणालो, गुंड्याचा डोळा कसा आहे? तिला डोळ्याचं काहीच माहीत नाही. महिनाभर बोलणं नाही. "किस्नाकाठी असंल, भिलवडीच्या अंगाला. चैताला येतोय माघारी." मी कुणाचा कोण, तरी ज्वारीची भाकरी नि हुलग्याच्या माडग्याची वाटी पुढं ठेवली. तिच्या हातची भाकरी गिळताना लाज वाटली. लेकाला काय दिलंय ते हिला न सांगताच खाल्ली.

तिनं माझ्या डोळ्यावर धुळीसाठी बांधलेली पट्टी बघून विचारलं, काय झालं? मी म्हणालो, पात लागली.

६ फेब्रुवारी

आज आईशी वाजलं.

परत निघायला पिशवी भरत होतो, भिलवडीला. ती दारात आली. पदर तसाच, अर्ध्या तोंडावर. हल्ली खोलीतली खिडकी पण लावून घेते. म्हणाली, "गुंडा काय पळून जात न्हाई. तू नगं हिंडूस."

मी म्हणालो, तुला काय कळतंय त्यातलं?

तिनं पदर आणखी पुढं ओढला. म्हणाली, "डोळा गेल्यावर ठनकायचा थांबतोय काय रं?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणालो, "माझा गेला नाही अजून! गेल्यासारखं बोलू नकोस!" पिशवी फेकली. म्हैस दचकली. शेजारची पूजा पोर घेऊन ओट्यावर होती, ती आत गेली.

आई भिंतीला हात लावून लावून आत गेली. सत्तर-बाहत्तर झाली तिला, मला वाईट वाटलं. पण मनधरणी करायला जमत नाही मला.

भिलवडीला गेलोच नाही.

९ फेब्रुवारी

आई दोन दिवस नीट जेवली नाही. रेश्मा म्हणते, तुम्ही बोला. मी काय बोलू? मी सध्या तासाला डोळ्याशी बोलतो.

१२ फेब्रुवारी

ठिपका आकसला! मॅडमनी मोजून दाखवलं. कडा बोथट झाल्यात, म्हणजे ती मागं हटतेय. डाग राहणार, नजर धूसर राहणार, पण डोळा राहील. पुढं कधी दुसऱ्याचं बुबुळ बसवता येईल. मी त्यांच्या टेबलावर हात आपटला, काचा वाजल्या.

आनंद स्टेशनपर्यंत टिकला. मग परत गुंडा. माझा राहिला आणि त्याचा माझ्यामुळं गेला, तर या डोळ्यानं मी बघू काय? येताना खिडकीशी बसलो. भिलवडीच्या अलीकडं पलीकडं मान अवघडेपर्यंत बघितलं. मेंढरांची दोन खांडं दिसली. घोडी नाही.

१७ फेब्रुवारी

सापडला.

मिरजेला चाललो होतो. ताकारी सोडल्यावर खिडकीला डोकं लावलं ते काढलंच नाही. रुळाच्या कडेला मोकळं रान, मेंढरं, आणि झाडाखाली पांढऱ्या कपाळाची घोडी! भिलवडीला उतरलो आणि उलटा चालत आलो. चालत कसला, पळत. दम लागला. बावन्न वर्षं.

गुंडा कोकराचं खूर साफ करत बसला होता. पाठ माझ्याकडं. मी हाक मारली. तो वळेपर्यंत मी काय काय बघितलं असेल! पांढरं बुबुळ, मिटलेली पापणी, चिंधी बांधलेली.

वळला. दोन्ही डोळे लख्ख.

मी खाली बसलो. तो पाणी घेऊन आला. तो माझ्या पट्टीकडं बघून हळहळायला लागला तर मी त्याचा चेहरा धरून उजेडाकडं केला, पापणी वर केली, बघितलं. तो म्हणाला, "मेजर, काय झालंया तुमास्नी?"

सगळं ओकलो. थेंब, बुरशी, आटपाडी, औंध, त्याची आई. पहिल्यांदा कुणा माणसाला सांगितलं, डॉक्टर सोडून. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, त्यानं थेंब टाकलेच नाहीत. आठवडाभर पाण्यानं धुतला. मग मुक्काम हलवून औंधला पोचल्यावर सरकारी दवाखान्यात गेला. तिथल्या बाईनं हिरवा थेंब टाकून तपासला, औषध दिलं, आठ दिवसांनी परत बोलावलं, हा परत गेला. मेंढरं बायकोवर टाकून परत गेला! चौथी शिकलेला गुंडा. आणि मी मेजर.

मी हसायला लागलो. खरंच हसलो, पोटापासनं, दीड महिन्यानं. म्हटलं, आण ती बाटली, दगडानं फोडतो.

"बाटली? ती न्हाई माझ्यापशी."

"टाकलीस?"

"टाकीन कशी? मुक्काम हलवताना कुनाची वस्तू बरुबर न्हेत न्हाई आमी. शिवारातनं पाय काढायच्या आदी ज्याचं त्येला. तुमी मिरजंला हुता. दोर, घमेलं, बॅटरी आनि बाटली, समदं आईंच्या हातात दिलं. त्या म्हनल्या, बरं झालं बाबा, माझीच हाय ही, आपरेशनची."

समदं मोजून दिलं बग त्यानं.

आई तेव्हाच म्हणाली होती. अठरा तारखेला तिच्या डोळ्यात वाड्याचं काहीतरी उडालं. वीस तारखेला मी घरात एक वाक्य बोललो असतो. एक! ते थेंब वाईट, एवढंच. वहीत चार पानं लिहिली आणि घरात म्हणालो, पातीवरनं आली.

रेश्माला फोन लावला. म्हटलं, आईचा पदर बाजूला कर. ती म्हणाली, काय? म्हटलं, कर. तिची पावलं ऐकू आली, खिडकी उघडल्याचा आवाज आला. मग रेश्मा रडायला लागली.

गुंडानं घोडीवर बसवून स्टेशनला सोडलं.

१८ फेब्रुवारी

मिरज. लॅबबाहेरच्या बाकावर.

बाटली उशीखाली होती, तळाला थोडी शिल्लक. आईच्या डाव्या बुबुळावर पांढरं, माझ्यापेक्षा दुप्पट. मी विचारलं, महिनाभर बोलली का नाहीस? म्हणाली, "तुझं निस्तरू दे म्हनलं पयलं. तू आदीच कावलेला." गाडीत तिला सगळं सांगितलं — पात, थेंब, मी डॉक्टरांशी बोललेलं खोटं. डब्यातली माणसं बघत होती. तिनं ऐकलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

दार अर्धं उघडं आहे. माया मॅडमचा आवाज आला, "आजी, आधी कुठलं औषध घातलं होतं?"

आई म्हणाली, "कायबी न्हाई."

वही मिटतो. आत जातोय.